आरशांमधली गुंडी

गेल्या महिन्यापर्यंत हे माझ्या तोंडून कधी बाहेर पडलं नव्हतं. बायकोलाही सांगितलं नाही. ती होती तोवर रोज वाटायचं, आज सांगावं — आणि रोज जेवण उरकून मी गुमान दुकानात जायचो. आता ती नाही. लिहून तर हे आज पहिल्यांदाच उतरवतोय. मी शहात्तर वर्षांचा आहे. हात थरथरतो, पण डोकं जागेवर आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण हे छापून आलं की माझा मुलगा लोकांना म्हणेल, अब्बांना आताशा काहीबाही आठवतं.

मला सगळं नीट आठवतं.

मी नांदेडचा लेडीज टेलर. चीन पाहिला नाही, पण चायनीज कॉलर किती कापल्या याला गणती नाही. जपान कुठे आहे हे नकाशात दाखवता येणार नाही, पण किमोनो बाही डोळे मिटून लावायचो. पटियाल्याला गेलो नाही; तिथली सलवार मात्र मास्तरणींपासून तहसीलदारीणबाईंपर्यंत सगळ्यांना शिवून दिली. एक वर्ष अफगाणी सलवारीचं होतं. एक वर्ष काफ्तानचं — काफ्तान म्हणजे माझी दादी घरात घालायची तोच झगा, पण मासिकात फोटो आल्यावर तोच झगा शिवायला मुली रांगा लावून उभ्या राहिल्या. मी हसलो, आणि शिवला.

हे का सांगतोय? कारण लोकांना वाटतं, माझा गुन्हा तिथे आहे. दोन वर्षांपूर्वी एका प्राध्यापक बाईंनी मला तोंडावर विचारलं, दुसऱ्यांची संस्कृती अशी कापून विकताना, मास्तर, तुम्हाला काहीच वाटत नाही? नाही वाटत. कापडाला जात विचारत बसलो असतो, तर माझी मशीन पहिल्याच दिवशी बंद पडली असती. त्या बाईंच्या स्वतःच्या अंगावर तेलंगणातला इकत होता आणि गळ्यात कुठल्याशा आदिवासी बाजारातली चांदी. छान दिसत होती त्यांना. घालावी. कोणी कोणाचं घालावं यावरून मला भांडायचं नाही, आणि त्या गुन्ह्याची कबुली मी देणार नाही — कोणी कितीही खोदून विचारलं तरी.

माझा गुन्हा त्याहून लहान आहे. मोठ्या शब्दांत तो बसत नाही. त्याला एका बाईचं नाव आहे.

आधी माझं नाव कशाने झालं ते सांगतो. नांदेड-लातूरकडे मला आरसेवाले मास्तर म्हणतात. बंजारा नक्षीचे ब्लाऊज, जाकिटं, कुर्त्याच्या पाठीवर आरशांची पट्टी — ही लाट इकडे आणली ती मी, असं समजतात. आणि माझ्या कामाची एक खूण आहे. आरशांच्या ओळीत एक आरसा नसतो. त्याच्या जागी एक साधी सदऱ्याची गुंडी टाकलेली असते. हिरवी, चार भोकांची. गिऱ्हाईकं ती शोधून बघतात — गुंडी आहे ना, मग मास्तरांचंच. माझ्या मुलाने लातूरला मोठं दुकान काढलं, नात आफरीन तिथे डिझाइन करते. तिने तर कपड्यावर लावायच्या चिठ्ठीवर छापलंय: ‘मास्तरांची गुंडी’. कोणी विचारलं, ही कल्पना कुठून सुचली, की मी नुसता हसायचो. लोकांना वाटायचं, म्हातारा लाजतो.

मी लाजत नव्हतो. मी घाबरत होतो.

वीस-बावीस वर्षं झाली. भोकरकडच्या एका तांड्यावरून जमनीबाई आली. साठीची असेल. सोबत धाकटी सून, शांता. गाठोड्यात जमनीबाईचा लग्नातला फेटिया होता — बंजारा बायकांचा तो घेरदार घागरा. आईच्या शेजारी बसून तिने स्वतः टाके घातलेले. कापड विरलं होतं, पण कमरेची पट्टी आणि खालचा काठ जसाच्या तसा. आरसे, कवड्या, लाल-पिवळा दोरा. मी आयुष्यभर कापड हाताळलं, पण असा काठ कधी हातात आला नव्हता. तिला एवढंच हवं होतं, की पट्टी आणि काठ उसवून नव्या कापडाला जोडायचे. नातीच्या लग्नात घालायचा होता. आणि मग, ती म्हणाली, माझ्या मयताला.

काठात एके ठिकाणी आरसा नव्हता, हिरवी गुंडी होती. मी म्हटलं, बाई, इथे आरसा बसवून देतो. तिने माझा हात धरला. म्हणाली, नवराबायको उसाच्या तोडीला गेले होते तेव्हा आरसा गळाला, फडात आरसा कुठून आणणार? नवऱ्याने आपल्या सदऱ्याची गुंडी तोडून दिली. तो नवरा पुढे वारला. तिने बजावलं, “आरसं किती बी लाव. ह्या गुंडीला हात लावू नगंस.”

कळलं ना? ती मला सांगून गेली होती. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही.

त्याच आठवड्यात एका डॉक्टरांच्या मिसेस आल्या. हातात मासिक. मुलीच्या कॉलेजात फॅशन शो होता, पाठीवर असं ‘ट्रायबल’ काम हवं. मी म्हटलं, करून देतो. दोन दिवस मशीनवर खटपट केली. नाही जमलं. मशीनचा टाका तसा पडत नाही, आरसा धरून ठेवत नाही. तिसऱ्या दिवशी मनात आलं — काठ केवढा लांब आहे, घडीच्या आतली वीतभर नक्षी गेली तर म्हातारीला काय दिसणार?

कात्री चालवताना हात थरथरला नाही. तेव्हा थरथरत नसे.

आणि बघा — वीतभर पट्टी कापली तर त्यात नेमकी ती गुंडी आली. मी काढणार होतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, राहू द्या मास्तर, किती ओरिजनल वाटतं. राहिली. मुलगी शोमध्ये पहिली आली. आठ दिवसांत चार जणी दारात, तस्संच हवं, गुंडीसकट. चार जणींना कुठून देणार होतो? त्याच काठातून दिलं. गुंड्या बाजारातून आणल्या. पंधरा दिवसांत फेटिया संपला. पुढचं काम मग आरसे चिकटवून मशीनवरच भागवलं.

इथवर चोरी. चोरी मी समजू शकतो. माणसाला मोह होतो, कारागिराला जरा जास्तच होतो. पण जमनीबाई बाजाराच्या दिवशी आली आणि पायरीवर बसून म्हणाली, दे मास्तर — तेव्हा मी काय केलं?

आदल्या दिवशी शांता येऊन गेली होती. फेटिया झाला का विचारायला. मी तिला म्हटलं होतं, नाही झाला, तू शिवायला दिलेली काचोळी तेवढी तयार आहे. ती आपली ती चोळी पिशवीत घालून गेली. समोरच्या बांगडीवाल्याने तिला पिशवी घेऊन जाताना पाहिलं होतं. हे सगळं एका क्षणात माझ्या डोक्यात जुळलं. कापड कसं बेतावं हे जुळतं ना, तसं.

मी म्हटलं, “कालच तुमची सून घेऊन गेली की.”

मी आवाज चढवला नाही. जमनीबाईने दोनदा विचारलं, दोनदा तेच सांगितलं. बांगडीवाल्यानेही मान डोलावली, हाव, पिशवी होती हातात. त्या काळात तांड्यातांड्यावर व्यापारी फिरायचे, बायकांचे जुने कपडे घेऊन हैदराबादेला विकायचे. एवढं पुरेसं होतं. सगळ्यांनी ठरवलं, सुनेने फेटिया विकला.

चौथ्या दिवशी शांता एकटी आली. तेव्हा तिशीची असेल. दुकानात दोन गिऱ्हाईकं होती. ती काउंटरपाशी उभी राहिली आणि हळूच म्हणाली, “मास्तर, मी न्हेला न्हाई हे तुमाला ठाव हाय. तांड्यावर येऊन एवढंच सांगा. दुसरं काय नगं.”

तिने शपथ घातली नाही. रडली नाही. तिच्यामागे खुंटीवर डॉक्टरांच्या मुलीचा ब्लाऊज लटकत होता, बाही सैल करायला परत आलेला — पाठीवर तो काठ, त्यात ती हिरवी गुंडी. ती वळली आणि तिला तो दिसला. बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडे पाहिलं.

आणि मी — गिऱ्हाईकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात — म्हणालो, “असली नक्षी बाजारात लई मिळते, बाई. ज्याने त्याने आपलं घर सांभाळावं.”

गिऱ्हाईकं हसली. ती पायरी उतरून गेली.

हेच. हे मी वीस-बावीस वर्षं कोणाला सांगितलं नाही. फेटिया कापला ते नव्हे, ते वाक्य. ते हसणं.

त्यानंतर ती दिसली नाही. पण बातम्या यायच्या, बाजाराला आलेल्या बायका बोलायच्या. तांड्याच्या नायकाने, म्हणजे तिथल्या प्रमुखाने, तिला बसवून विचारलं, ती एकच सांगत राहिली. नवऱ्याने टाकलं नाही, पण घरातल्या दाण्याच्या कोठीला तिला हात लावू देईनात. जमनीबाईने तिच्या हातचं पाणी घ्यायचं सोडलं. मी ऐकायचो, आणि काज करत राहायचो. जमनीबाई वारली हे कळलं तेव्हा — सांगू का? — मला सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, आता विचारणारं कोणी उरलं नाही.

केवढा मूर्ख. विचारणारं माणूस माझ्याच घरात वाढत होतं.

यंदा आफरीनने ठरवलं, आता मशीनचं काम नको, तांड्यावरच्या बायकांकडूनच टाके घालून घ्यायचे. चांगलं आहे, माझ्यापेक्षा ती शहाणी आहे. फिरत फिरत ती त्याच तांड्यावर पोचली. सुट्टीला नांदेडला आली तेव्हा जेवताना सांगत होती: वीस बायका तयार आहेत, त्यात सगळ्यात सफाईदार हात शांताबाई नावाच्या एकीचा. पण बाकीच्या म्हणतात, तिच्या हातात कपडा देऊ नका. तिने म्हणे तरुणपणी सासूचा लग्नातला फेटिया विकला होता. आफरीन म्हणाली, “दादा, मी नाही दिलं तिला काम. बरोबर केलं ना?”

घास तोंडात होता. तो गिळला. मग सांगितलं — सगळं, गुंडीपर्यंत. ती उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी मुलगा लातूरहून आला. तो वाईट नाही, व्यापारी आहे. म्हणाला, म्हातारी गेली, वर्षं लोटली, दुकानाचं नाव आहे, बाईला काम देऊन टाकू, दोन पैसे जास्त देऊ. शेवटी हात जोडले. “अब्बा, अब कायकू?”

आता कशाला? कारण ती अजून चोर आहे. काल होती, आज आहे, उद्या सकाळी उठेल तेव्हाही असेल. मी इथे आरसेवाले मास्तर म्हणून चहा पितो तेव्हाही ती तिथे चोर आहे. नाव जाईल म्हणतोस? जाऊ दे. ते माझं कधी होतं?

मी जीपने भोकर गाठलं, तिथून तांडा. आफरीन सोबत आली. मोकळ्या जागेत बायका आमच्या दुकानाचं कापड मांडीवर घेऊन टाके घालत होत्या. शांताबाई लांब आपल्या दारात तूर पाखडत होती. पन्नाशी ओलांडलेली, केस पांढरे. मी सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं. आवाज चढवून सांगितलं. त्या दिवशी दुकानात चढवला होता, तेवढा. फेटिया मी कापला. खोटं मी बोललो. ह्या बाईने काही केलं नाही.

एक म्हातारी म्हणाली, “लई लवकर आलास, मास्तर. आनखी धा-वीस वर्सं थांबायचं की.” कोणी हसलं नाही.

शांताबाईने सूप खाली ठेवलं. उठली नाही.

“मी तवाच वळखलं हुतं. गुंडी माझ्या सासऱ्याची हुती.” मग म्हणाली, “सासू जाताना मी पाणी घेऊन उभी हुते. तिनं त्वांड फिरीवलं.”

एवढंच. तिने सूप उचललं आणि परत तूर पाखडायला लागली. आफरीन पुढे जाऊन तिच्या पायरीवर बसली. मला कोणी बस म्हणालं नाही. मी उभाच होतो, निघेपर्यंत.

परत द्यायला माझ्याकडे त्या फेटियाचा एक धागाही नाही. तो कोणाकोणाच्या पाठीवर गेला, आणि फॅशन बदलल्यावर पोतेऱ्यात गेला असेल. गुंडी मात्र पसरली. नांदेडला, लातूरला, कुठल्या कुठल्या कपाटांत असेल, आरशांच्या ओळीत एक हिरवी. ती माझी खूण नाही. ती जमनीबाईच्या नवऱ्याने उसाच्या फडात आपल्या सदऱ्यावरून तोडून दिली होती.

शांताबाईने फेटिया विकला नव्हता. तो मी कापला.