आवाजाचा दिवा

साठच्या दशकात मी अमरावतीला बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवत होते. स्वभाव तिखट, घरचे म्हणायचे, हिच्यासमोर मुकंही बोलेल. कशाचं काय! शिकवायला आमच्याकडे आरसा आणि मेणबत्ती. 'प' म्हटल्यावर ज्योत हलली का, ते बघायचं.

मग बडनेऱ्याला रेल्वेत असलेल्या माझ्या मामेभावाने जुन्या रेडिओचे भाग जोडून एक पेटी करून दिली. समोर माइक, वर दिवा. आवाज आत गेला की दिवा लागे. जितका जोर, तितका उजेड. पोरांना आपला आवाज डोळ्यांनी दिसू लागला. वर्गात नुसता धुमाकूळ! त्या भल्या माणसाचे उपकार मी जन्मात विसरायची नाही.

एकच पोर पेटीपुढे तोंड मिटून उभी राही. हिवरखेडची, नऊ वर्षांची. समजावलं, रागावले, पेढा दाखवला, छे! एकदा दिवा लागला म्हणून मी हरखले, तर बाईसाहेबांनी टेबलावर थाप मारलेली. मी धपाटाच घातला. आठवलं की अजून लाज वाटते.

दिवाळीआधी तिचे वडील तिला कायमची न्यायला आले. "दोन वर्सं झाली बाई, मुकीच हाये. घरी असली तं कापूस तरी वेचीन."

शाळा सुटली की हिचं शिकणं संपलंच. काही सुचेना, म्हणून म्हटलं, "तुम्हीच बोला हिच्याशी. या पेटीत."

ते लाजले. मग वाकून म्हणाले, "काय वं माय, घरी येतं का?"

दिवा लख्ख लागला. पोरीने दिव्याकडे पाहिलं, मग बापाकडे. त्यांच्या गळ्यावर हात ठेवला आणि पुन्हा बोलायची खूण केली. ते बोलले. तशी तिनेही तोंड उघडलं. घोगरा, ओबडधोबड आवाज निघाला आणि दिवा लागला.

वडील मटकन बाकावर बसले. "असा आवाज थे लहानपनी काढे, बाई. लोकं हासत, म्हनून आमीच तिच्या तोंडावर हात ठेवत होतो."

दोन वर्षं मी त्या लेकराला हट्टी म्हणत आले होते. त्यांनी मोकळेपणी सांगितलं नसतं, तर पुढेही म्हणत राहिले असते. त्या माणसाची मी ऋणी आहे.

डोळे पुसून ते उठले. "राहू द्या इले इथंच," म्हणाले. "पर सुट्टीत घरी आली का आमी कसं वागावं, थे मले शिकवा."