नुसत्या भुकेवर

देवासच्या आमच्या कॉलनीत माझ्या काकांना सगळे ‘प्रलयवाले काका’ म्हणत. पीथमपूरच्या कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला हा माणूस ऐन मे महिन्यात पंखा बंद करून बसे. वीज, पाणी, दुकानं, सगळं एक दिवस थांबणार, असं ते शांतपणे सांगत. “तेव्हा घाबरायला वेळ नसेल. घाबरणं आत्ताच उरकून घेऊ.”

शेजारी थट्टेने ‘भिया’ अशी हाक मारून विचारत, धान्य किती भरलं? काकांनी पसाभरही साठवलं नव्हतं. साठा लुटला जातो, सवय कोण लुटणार, असं त्यांचं म्हणणं.

एका हिवाळ्यात ते पायीच नेमावरला निघाले. पैसे नाहीत, फोन नाही. काकूच्या आग्रहावरून मी सोबत गेले, तर माझंही पाकीट त्यांनी घरी ठेवायला लावलं. दुसऱ्या दुपारी शिदोरी संपली आणि जन्मात कुणापुढे हात न पसरलेले काका एका अनोळखी दारात उभे राहिले.

नर्मदेकडे जाणाऱ्या त्या वाटेवर परिक्रमावासी म्हटलं की कोणीही ताट वाढतं. घरातल्या बाईने विचारलं, परिक्रमेत आहात का? काका नाही म्हणाले, दार लागलं. मी चिडले. एवढंसं खोटं बोलायला काय हरकत होती?

“मग ते नर्मदामाईला वाढतील,” काका म्हणाले. “मला नुसत्या भुकेवर मागता आलं पाहिजे.”

पुढच्या दारातल्या म्हातारीनेही विचारलं, “परकम्मा में हो कांई, दादा?”

“नी, माय. भूख लागी है.”

म्हातारीने हातपंपाकडे बोट दाखवून हात धुवायला सांगितलं. मक्याची रोटी, लसणाची चटणी. काका मान खाली घालून जेवत होते. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही. गाभाऱ्यापाशी आवाज आपोआप हळू होतो, तसं मला झालं.

गुडघे साथ देत होते तोवर ते दर हिवाळ्यात जात राहिले. ते वारले, तोवर प्रलय काही आला नव्हता.

गेल्या पावसाळ्यात माझी आणि नवऱ्याची नोकरी एकदमच गेली. घरातले डबे रिकामे होत आले तरी मी कुणाला कळू दिलं नाही. अखेर एका सकाळी शेजारच्या ताईंचं दार वाजवलं. गॅस संपल्याचं निमित्त तयार होतं. ताई समोर आल्या आणि ते सांगवेना.

“ताई, आज घरात खायला काही नाही.”

त्यांनी बाजूला सरून मला आत घेतलं.