झालं, काढ

आमच्या साडूंचं, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या यजमानांचं, पंक्चर काढायचं दुकान होतं. दुकान कसलं, पत्र्याची टपरी. आत हवेचा कॉम्प्रेसर, पंक्चर शोधायला पाण्याची टाकी आणि भिंतीला टेकलेले जुने टायर. हवा भरताना नळी ते गिऱ्हाइकाच्याच हातात द्यायचे आणि स्वतः मीटरसमोर उभे राहायचे. काटा जागेवर आला की म्हणायचे, "झालं, काढ." मोटारीतून उतरलेला साहेब असो नाहीतर सायकलवाला, सगळ्यांना एकच. माघारी लोक त्यांना 'झालंकाढ'च म्हणत.

लांबून पळत आलेल्या गाडीची हवा ते मोजू द्यायचे नाहीत. चाक तापलेलं असलं की मीटर जास्त दाखवतो. "गरम टायरचं काय खरं धरतोस? थंड होऊ दे." नियम सोळा आणे बरोबर होता, आणि धंद्यातल्या असल्या बरोबर नियमांनीच आमचा घात केला.

मीटरचे आकडे पुसट दिसायला लागले म्हणून मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी डोळ्यात उजेड टाकून बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, "चष्म्याचं नंतर बघू. आतल्या रक्तवाहिन्या बिघडल्यात. रक्तदाब कधी मोजलाय?"

कशाला मोजतील? दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. बाईंनी दंडाला पट्टा बांधला. वरचा एकशे नव्वद, खालचा एकशे दहा.

"चालत आलोय," साडू म्हणाले. "गरम टायर."

बाईंना हसू आलं. त्यांनी साडूंना गप्प बसवून ठेवलं आणि परत मोजलं. आकडा तिथेच. "अजून थंड झालो नाही," साडू म्हणाले.

मग घराजवळच्या डॉक्टरांनी वेगवेगळ्या दिवशी मोजून पाहिलं, सकाळी घरीही मोजायला लावलं. रक्त, लघवी, ईसीजी, सगळं झालं. मूत्रपिंडांना झळ लागायला सुरुवात झाली होती.

"पण झालं कशाने?" ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, विचारलं.

"बऱ्याच जणांचं एकच असं कारण सांगता येत नाही. यांचे वडील कशाने गेले?"

"तोंड वाकडं झालं आणि गेले."

"तंबाखू?"

साडूंनी गालातली गोळी या गालातून त्या गालात सरकवली.

"मीठ?"

"वरून घेतात. चवसुद्धा न बघता," ताई म्हणाल्या.

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. रोज घ्यायची, बरं वाटलं तरी घ्यायची, त्यांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही. साडूंनी घेतली. ताईंनी मिठाची बरणी कपड्यांच्या कपाटात लपवली. तंबाखू निम्म्यावर आली. दोनेक महिन्यांत दाब एकशे तीसवर आला, डॉक्टर खूश झाले, आणि दुसऱ्या दिवशी ताई गोळी घेऊन उभ्या राहिल्या तर साडू म्हणाले, "हवा बरोबर झाली. आता काढ."

"अहो, गोळीमुळेच झालीय ना बरोबर?"

"हवा भरल्यावर नळी कोणी लावून ठेवतं का? टायर फुटेल."

"साडू, तुमच्या डोक्यात हवा गेलीय," मी चिडून म्हणालो. सगळ्यात जास्त तेच हसले.

ताई कधी धंद्यातलं बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या. "बारीक पंक्चर असलेल्या चाकाचं काय करता? रोज भरता ना हवा?"

"त्याची कमी होते. माझी जास्त आहे."

माणूस वाद जिंकला आणि गोळ्यांची पाकिटं खिडकीत पडून राहिली.

पुढे महिन्याभराने, सकाळी, एक रिक्षावाला चाकाला नळी लावून उकिडवा बसला होता. साडू मीटरसमोर होते. काटा जागेवर आला आणि पुढे सरकला. शब्द आला नाही. रिक्षावाला थांबला, कारण इथे सांगितल्याशिवाय नळी काढायची नाही हे त्याला माहीत होतं. चाक दगडासारखं झालं तेव्हा त्याने मान वर केली. साडू टायरांच्या चळतीला टेकून हळूहळू खाली घसरत होते. तोंड एका बाजूला गेलं होतं. नळी त्याची त्यानेच काढली.

मेंदूत रक्तस्राव झाला होता. साडू वाचले, पण उजवी बाजू गेली आणि वाचाही. मी इस्पितळाच्या जिन्यात बसून रडलो. रागही आला होता, पण काढायचा कुणावर?

कालांतराने एक शब्द परत आला. एकच. तहान लागली की "काढ", कूस बदलायची असली की "काढ". आपण भलतंच बोलतोय हे त्यांना कळतं. मग ते डोळे मिटून घेतात.

रोज सकाळी, चहाच्या आधी, ताई त्यांच्या डाव्या दंडाला पट्टा बांधतात. रात्रभर पडून असलेला माणूस, याहून थंड टायर कुठला. आकडा आता गोळ्यांनी बरोबर असतो. पट्टा सोडून त्या कुटलेली गोळी चमच्यात घेतात. साडू तोंड फिरवतात आणि ताईंकडे बघत म्हणतात, "काढ." गोळी नको असते की हे जगणंच, मला कळत नाही. ताईंना बहुतेक कळतं.

"नाही," त्या म्हणतात. "ही काढायची नसते." आणि पदराने त्यांची हनुवटी पुसून चमचा पुन्हा पुढे करतात.