बी.ए. भूगोल, काम सॉफ्टवेअरचं

सारिका मूळची भडगावची. भूगोल घेऊन बी.ए. झाली आणि जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटया विणणाऱ्या एका कारखान्यात स्टोअरला लागली. किती पोती प्लास्टिकचा दाणा आला, किती मशीनवर गेला, हे रजिस्टरला लिहायचं काम. चार वर्षं तिनं तेच केलं.

मग मालकांचा मुलगा अखिल यानं सगळ्या कारखान्याला एकच सॉफ्टवेअर घेतलं. खरेदी, स्टोअर, उत्पादन, विक्री, सगळं एकमेकांना जोडलेलं. ते विकणाऱ्या पुण्याच्या कंपनीचे दोघं आले, तीन दिवस भराभर शिकवून गेले. बाकीचे लोक दाखवलेली बटणं तेवढी दाबत. सारिकाला मात्र कुतूहल होतं, की आपण स्टोअरमध्ये आकडा टाकला की विक्रीवाल्यांच्या स्क्रीनवर तो बदलतो कसा? सॉफ्टवेअरची एक सरावाची प्रत होती. जेवणाच्या सुट्टीत ती त्यात खोट्या नोंदी करून बघायची. मदतीची पानं सगळी इंग्रजीत. अडलेला शब्द मोबाईलवर शोधायचा आणि त्याचा अर्थ वहीत कारखान्याच्या भाषेत लिहायचा, असं तिचं वर्षभर चाललं.

एकदा सरावाची प्रत समजून तिनं खऱ्या सॉफ्टवेअरमध्येच 'सगळा दाणा संपला' अशी नोंद केली. दाणा नाही म्हटल्यावर उत्पादनाची स्लिप निघेना, आणि स्लिपशिवाय मशीन चालवायचं नाही असा नियम. दोन तास चार मशीन बंद. पुण्याला फोन लावला तर कोणी उचलेना. सारिका अखिलच्या केबिनमध्ये गेली.

"भाऊ, ती नोंद माझी आहे."

अखिल म्हणाला, "मग पुसून टाका ना!"

"पुसता येत नाही. तेवढाच दाणा परत आला अशी उलटी नोंद करावी लागेल. वाचलंय मी, पण केलेली नाही कधी."

"आता करा. मी इथंच बसतो."

आधी सरावाच्या प्रतीत, मग खऱ्या ठिकाणी. वीस मिनिटांत स्लिप निघाली. त्या दिवशी ती घरी जाऊन रडली खरी, पण दुसऱ्या दिवसापासून कोणाचं काही अडलं की लोक पुण्याला फोन न करता तिच्याकडे यायला लागले.

तिनं त्या पुण्याच्या कंपनीत अर्ज केला. व्हिडिओ कॉलवर पहिलाच प्रश्न, "इंजिनिअरिंग कुठून?" बी.ए. ऐकल्यावर पाच मिनिटांत मुलाखत आटोपली. सहा महिन्यांनी त्यांचाच फोन आला. जळगावच्या कारखान्यातून मदतीचे फोन येणं बंद झालंय, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. धुळ्याच्या एका तेल गिरणीनं त्यांच्या दोन इंजिनिअरना परत पाठवलं होतं. गिरणीचा साठा सॉफ्टवेअरशी जुळत नव्हता. "महिनाभर बघता का?" त्यांनी विचारलं. अखिलनं रजा दिली.

गिरणीचे स्टोअरकीपर सुकदेवनाना साठीचे. इंजिनिअरांनी त्यांचं रजिस्टर चुकीचं ठरवलं होतं, त्यामुळे ते आधीच तापलेले. सारिकाला बघून अहिराणीत म्हणाले, "पोरी, हाई बठ्ठं मना डोकामा शे. तुनं यंत्र ली जा." सगळं डोक्यात आहे, यंत्र घेऊन जा, एवढंच त्यांचं म्हणणं.

"नाना, यंत्र राहू द्या. माल कसा येतो ते दाखवा फक्त."

दोन दिवस ती लॅपटॉप न उघडता त्यांच्याबरोबर फाटकापाशी उभी राहिली. सरकीची गाडी आली की वजनकाट्यावर वजन व्हायचं. ओली सरकी आवारात पसरायची. वाळली की पुन्हा मोजून गोदामात. रजिस्टरमध्ये लाल पेननं लिहिलेला दुसरा आकडा वाळल्यानंतरचा होता. सॉफ्टवेअरला फाटकावरचं वजनच माहीत होतं. नानांचं काहीच चुकलेलं नव्हतं.

तिनं सॉफ्टवेअरमध्ये 'वाळवण आवार' नावाची वेगळी जागा तयार केली. गाडी आली की माल आधी तिथं, वाळल्यावर नव्या वजनानं गोदामात, मधली घट वेगळी. पहिल्या आठवड्यात तिच्याच हिशेबात गोण्यांचं वजन धरायचं राहिलं आणि नानांनीच ते दाखवून दिलं. महिनाअखेरीला मोजणी झाली तेव्हा सरकी जुळली. नानांनी चष्मा पुसून स्क्रीन दोनदा वाचली. "आते बरं शे," एवढंच म्हणाले आणि पुढच्या गाडीची नोंद स्वतः करायला बसले.

कंपनीनं तिला नोकरीचं पत्र दिलं. गिरणीच्या हिशेबापेक्षा आई बेबाबाईला हे काम समजावून सांगणं तिला जास्त अवघड गेलं. गिरणीचं पुढचं काम असल्यानं सारिकानं धुळ्यातच, देवपुरात, खोली घेतली. त्यानंतरचं नाशिकच्या औषध कारखान्याचं काम तिला झेपलं नाही, ते अर्ध्यावर दुसऱ्याकडे गेलं. त्याचं तिला वाईट वाटलं. मग तिनं औषध कारखान्यांच्या कामाचा ऑनलाइन कोर्स लावला. नोकरीला आता तीन वर्षं झाली. सध्या ती शिरपूरच्या एका सूतगिरणीत आहे आणि तिथल्या स्टोअरमध्ये उभी राहून कापसाच्या गाठी कशा मोजतात ते विचारते आहे.