आधी चाक आत

“आबा, गाडी वीतभर उंच केलीत, मग जॅक नको का तेवढाच उंच?”

“उंटावर बसलीस म्हणून चपला मोठ्या घेशील का गं?”

आबा गाड्यांचा मिस्त्री, तिरकंच बोलायचा. जबडाच तिरका, घास उजवीकडून चावायचा, शब्द डावीकडून सोडायचा. कुणी विचारलंच तर सांगायचा, बैलानं लाथ मारली. त्या बैलाला लांब लोखंडी दांडा होता, हे लेकीला ठाऊक होतं. तरी तसलाच कमरेएवढा जॅक ती पसंत करून घेऊन आली होती.

लेक गुरांची डॉक्टर. उद्या सकाळी डोंगरात रुजू होणार. तिथं पंक्चर झालं तर हाकेला फक्त पेशंट, आणि तेही चार पायांचे.

“ह्या लांबड्यानं तू बॉडी उचलशील,” मिस्त्री म्हणाला. “स्प्रिंगा ताणत जातील, गाडी आभाळात आणि चाक मातीतच. त्यात दांडा सुटला, तर…” त्यानं जबड्यावर हात फिरवला. मग म्हणाला, “उंच केली ती बॉडी. ॲक्सल मोठ्या टायरमुळं चार बोटं वर गेला, एवढंच. ॲक्सल उचल, चाक लगेच सुटतं.”

त्यानं बुटका, दणकट बॉटल जॅक पुढं केला. ॲक्सल घसरू नये म्हणून जॅकच्या डोक्यावर अर्धचंद्राकार वाटी जोडली होती. खाली ठेवायला जाड फळी. अंगणात पाणी ओतून त्यानं मुद्दाम राड केली आणि गाडी त्यात उभी केली.

“काढ एकटीनं. मी नाहीच असं समज.”

तो कट्ट्यावर बसला, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. न जाणो, धावायचे मेले मदतीला.

लेकीनं पुढच्या चाकाला दगड लावला, पान्यावर उभी राहून नट ढिले केले, फळी मांडली, जॅक चढवला. चाक मातीतून सुटलं. पण ते काढायच्या आधी तिनं स्टेपनी गडगडत आणली आणि चासीखाली आडवी सरकवली, जॅक निसटलाच तर गाडी तिच्यावर टेकावी म्हणून.

“हे कुणी शिकवलं?”

“आईनं. तुम्ही गाडीखाली शिरायला लागलात की म्हणायची, आधी चाक आत, मग तुझा बाप आत. मी ढकलायचे.”

“ती ढकलायची ना?”

“तिचे गुडघे कुठं वाकायचे, आबा?”

‘ही अडगळ इथं कोण टाकतं?’ म्हणून मिस्त्री बायकोवर खेकसायचा. ‘मीच,’ म्हणायची ती. तिला जाऊन सहा वर्षं झाली, लेकही तेव्हाच शिकायला बाहेर गेली. तेव्हापासून चाक कुणी सरकवलं नव्हतं, आणि त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

“नट समोरासमोरचे आवळ,” तो उगाच खेकसला. “आणि तो लांबड्या परत देऊन ये.”

“बरं बरं. खाली उतरा आता, चाक बसलं सुद्धा.”

पलीकडं एक टेम्पो केव्हाचा जॅकवर टांगलेला होता. मिस्त्रीनं कोपऱ्यातलं जुनं चाक ओढत आणलं, टेम्पोखाली ढकललं, आणि पाना घेऊन पाठीवर आत सरकला.