वरच्या मजल्यावरचा प्रिंटर

ऑफिससाठी प्रिंटर निवडताना माझी चूक झाली. ती कळल्यावरही मी गप्प बसलो, हे त्याहून वाईट.

लोणावळ्यातलं आमचं छोटं ऑफिस बाहेरगावच्या मालकांचे बंगले सांभाळतं. दोन कॉम्प्युटर खाली, दोन वर. खाली मावशी बसायच्या. माळी, प्लंबर, सुतार येतील तसे त्यांना बंगल्याच्या गेटचे पास छापून देणं हे त्यांचं काम. त्यांच्या टेबलावर जुना छोटा प्रिंटर होता, वर दुसरा. दोन्ही कुरकुरायला लागले, तेव्हा मी ते देऊन नेटवर्कवर चालणारा एकच मोठा लेझर प्रिंटर घेतला.

"ठेवणार कुठे?" दुकानदाराने विचारलं.

पावसाळ्यात आमच्या खालच्या भिंतींना ओल चढते, कागद मऊ पडून मशीनमध्ये अडकतो. म्हणून मी सांगितलं, "वर, माझ्या केबिनबाहेर." मावशींचे गुडघे दुखतात हे मला ठाऊक होतं. पण त्या वेळी डोक्यात फक्त मशीन होतं.

पहिल्या दिवशी पास घ्यायला वर येऊन मावशी हसत म्हणाल्या, "देव डोंगरावर बसवलाय साहेब. दर्शनाला यावंच लागतंय!" सगळे हसले. मीही हसलो.

मग पाऊस लागला. एका दुपारी केबिनचं दार उघडलं, तर मावशी जिन्यात अर्ध्यावर बसल्या होत्या. एका हातात पास, दुसऱ्या हाताने गुडघा चोळत होत्या. खालून माळी हाका मारत होता. त्यांनी मला पाहिलं नाही. मी हळूच दार लावून घेतलं.

काही आठवड्यांनी त्या म्हणाल्या, "या महिन्यानंतर मी न्हाई यायची."

"का हो मावशी?"

"घरी लय कामं पडल्यात."

त्यांच्या पगारावर घर चालतं, हे मला माहीत होतं. त्या दिवशी त्या गेल्यावर मी आणि वर बसणाऱ्या एका सहकाऱ्याने प्रिंटर उचलून खाली आणला. भिंतीपासून लांब, त्यांच्या खुर्चीशेजारी ठेवला. कागदासाठी घट्ट झाकणाचा डबा आणला.

सकाळी मावशी त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. "आता ओल न्हाई लागायची व्हय याला?"

"लागली तर दुरुस्त करू," मी म्हणालो. "मावशी, त्या दिवशी तुम्ही जिन्यात बसला होतात. मी पाहिलं, आणि दार लावून घेतलं. मला माफ करा."