पलटीसरांना पडलेला ‘का’

‘का’ हा शब्द ऐकला की पलटीसरांच्या कपाळावरची शीर उडायची. ‘दुसऱ्याला पलटी मार, गुण अन् गप बस!’ अपूर्णांकांचा भागाकार त्यांनी कळंबजवळच्या आमच्या गावातल्या दोन पिढ्यांना एवढ्या एका वाक्यात शिकवला. त्यांचं खरं नाव हजेरीपत्रकात होतं, गावात ते पलटीसरच. पोरांची उत्तरं बरोबर यायची, पालक खूश असायचे. मीही त्याच शाळेत गणित शिकवायची आणि निमूटपणे तेच वाक्य पुढं चालवायची.

मग एका संस्थेनं शाळेला दहा टॅब दिले. त्यांत अपूर्णांकांचं अ‍ॅप होतं. पडद्यावर एक लांब पट्टी, खाली लहान-मोठे तुकडे. बोटानं तुकडा ओढायचा, पट्टीवर बसवायचा आणि किती वेळा बसतो ते मोजायचं. सरांच्या निवृत्तीला तेव्हा सहा महिने उरले होते. ‘ही खेळणी मला नकोत,’ म्हणाले आणि दुसऱ्याच दिवशी एक टॅब बगलेत मारून बसले. पोरं रांगेत उभी, आणि हे खेळतायत! मागायला गेलं की, ‘थांबा हो मॅडम, एवढी पातळी संपू द्या.’ वर्गात सगळ्यात जास्त चांदण्या यांच्याच नावावर. टॅबची जबाबदारी माझ्यावर होती, म्हणजे चार्जिंग मी करायचं आणि खेळायचं यांनी.

एके दिवशी अर्ध्या पट्टीत पाव तुकडा दोनदा बसला आणि सर खुर्चीतून उठलेच. ‘एकात चार बसतात, म्हणून चारानं गुणायचं! व्हय की ओ, मॅडम!’ जन्मभर हा माणूस हे शिकवत होता आणि कळत होतं आज! मी कपाळाला हात लावला. खरं सांगायचं तर मलाही ते त्याच दिवशी कळलं, पण मी तसं दाखवलं नाही.

गाडी अडली ती पाऊणावर. पट्टी एक, तुकडा पाऊण. तो एकदा बसला आणि पाव पट्टी उरली. पण पलटी मारून उत्तर येत होतं एक पूर्णांक एक तृतीयांश. ‘डोळ्यांपुढं पाव उरलंय. मग हा तिसरा हिस्सा आला कुठनं? तुमचं यंत्र चुकतंय.’ मी म्हटलं, ‘सर, असतंय तसं. पुढं चला.’ त्यावर ते माझ्याकडे असे बघत राहिले की मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चार दिवस त्यांनी माझं डोकं खाल्लं. परिपाठाला, जेवणाच्या सुट्टीत, सकाळी सहाला फोनवर. घरी चहा उतू गेला, पण पाऊण काही सुटेना. पाचव्या दिवशी सातवीच्या वर्गातून सरांची आरोळी आली, ‘उरलेला पाव पट्टीचा! पण पाऊणाच्या तुकड्याचा तो तिसरा हिस्सा! मोजायचं तुकड्यानं, पट्टीनं न्हाय!’ पोरांनी टाळ्या पिटल्या. सर मात्र मटकन खाली बसले.

‘सुवर्णा हेच विचारत होती,’ ते म्हणाले.

सुवर्णा त्यांची फार जुनी विद्यार्थिनी. तिनं कागदाची पट्टी कापून हाच उरलेला पाव त्यांना दाखवला होता. सरांनी तिला वर्गाबाहेर उभं केलं आणि शाळेत आलेल्या तिच्या आईला सगळ्यांसमोर सांगितलं, ‘पोरीला डोकं न्हाय.’ पुढच्या वर्षी सुवर्णाचं नाव पटावर नव्हतं. आता ती कळंबला ब्लाउज शिवत होती. ‘निवृत्तीआधी तिला सांगायचंय. स्कुटी काढा,’ सर म्हणाले. मला घरी पाहुणे यायचे होते, पण यांना ते सांगून उपयोग?

दुकानात जाऊन त्यांनी टॅब उघडला, पट्टी दाखवली, तुकडा बसवला. सुवर्णानं मशीन थांबवलं नाही.

‘सर, मीटरभर कापडात पाऊण मीटरचा एक ब्लाउज निघतो अन् आणखी एकाच्या तिसऱ्या हिश्श्याचं कापड उरतं. तीन मीटर आणा, चार बसवते. रोजचं हाय हे.’

‘तू बरोबर होतीस. माझं चुकलं, पोरी.’

झालं, सुटले, असं वाटून मी किल्ली काढली. तेवढ्यात मशीन थांबलं.

‘हे मला एकटीला कशाला सांगताय? उभं केलं ते सगळ्यांपुढं. आईला सांगितलं ते बी सगळ्यांपुढं. तिनं तुमचं ऐकलं, सर. मास्तर खोटं कसं बोलतील, म्हणाली!’

मला तिचा राग आला, सरांचा आला आणि स्वतःचाही आला. त्या दिवसापासून सरांनी सातवीत नवा कायदा काढला. ‘का’ विचारल्याशिवाय गणित सोडवायचं नाही. मार्चपर्यंत निम्मा अभ्यासक्रम तसाच पडला आणि तो जादा तास घेऊन मी संपवला. देवा रे, किती भांडले मी त्यांच्याशी! आणि त्या पोरांइतकी गणिताला जीव लावणारी पोरं मला पुन्हा मिळाली नाहीत, हेही खरं.

निरोप समारंभाला सगळं गाव होतं. सरांनी काय ठरवलंय ते मुख्याध्यापकांना कळलं होतं. ‘आज तरी गोड बोला,’ म्हणून ते विनवत होते. मीही म्हटलं, ‘सर, जन्मभराचं नाव जाईल.’ ‘जाऊ द्या की,’ म्हणाले. सुवर्णा आईला घेऊन पुढच्याच रांगेत बसली होती. शाल-नारळ झाल्यावर सरांनी माइक घेतला आणि खाली मान घालून सगळं सांगितलं.

सुवर्णा उठून उभी राहिली. ‘सर, आईला कमी ऐकू येतंय. जोरात सांगा.’

मुख्याध्यापकांनी डोळे मिटून घेतले. सरांनी माइक तोंडाशी धरला आणि ते ओरडले, ‘सुवर्णाच्या आई! पोरीला डोकं होतं! मला नव्हतं!’

म्हातारीनं डोक्यावरचा पदर नीट केला.

‘येवढी वर्षं लागली व्हय, मास्तर?’

‘लागली,’ सर माइकमध्येच म्हणाले.